रिकामा रकाना

(पडद्यावर: नवापूर रेल्वे स्टेशन. सकाळ.)

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूरला थांबते, तेव्हा स्टेशनचा एक भाग गुजरातेत असतो आणि एक महाराष्ट्रात. दोन राज्यांच्या रेषेवर एक बाकडं आहे. लोक त्यावर बसून फोटो काढून घेतात. माझं गाव इथून फार लांब नाही. घरात आम्ही मावची बोलतो, बाजारात अहिराणी नाहीतर गुजराती, समोरचा बोलेल तशी. रविवारी उपासनेत मात्र पुस्तकी मराठी. पाप, न्याय, पश्चात्ताप, कृपा हे शब्द आमच्याकडे त्या मराठीतूनच आले. आजही गावातल्या एखाद्या म्हातारीला 'कृपा म्हणजे काय' असं विचारलं, तर ती आधी पदर सावरते आणि मग पाठ केलेलं उत्तर देते.

ही फिल्म माझ्या फुईची आहे. फुई म्हणजे आत्या. तिचं नाव मी घेणार नाही, आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचंही घेणार नाही. ती अट तिनेच घातली होती.

(पडद्यावर: शनिवारची संध्याकाळ. ओटा. ॲल्युमिनियमची परात. पाण्यात बुडालेले इवले ग्लास.)

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या संध्याकाळी फुई ग्लास धुते. अंगठ्याच्या पेराएवढे प्लास्टिकचे ग्लास. आत बोट जात नाही, म्हणून काडीला फडक्याची चिंधी गुंडाळून ती प्रत्येक ग्लास आतून फिरवून पुसते. मग जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यावर उपडे मांडते, सहा-सहाच्या ओळीत. शेजारच्या पातेल्यात काळे मनुके भिजत घातलेले असतात. सकाळी ते कुस्करून, गाळून द्राक्षरस होतो. मराठी पवित्र शास्त्रात प्रभू म्हणतो, मी जीवनाची भाकर आहे. आमच्या ताटात मात्र बेकरीच्या पावाचे तुकडे असतात. तेही फुईच कापते.

गेली तीस वर्षं तिने त्यातला एकही तुकडा खाल्लेला नाही.

(पडद्यावर: रविवार. सतरंजी. बायकांची बाजू.)

ती दाराजवळ शेवटच्या ओळीत बसते. ताट हातोहात पुढे येतं. तिच्या डावीकडची बाई घेते, उजवीकडची घेते, आणि ताट मधून जाताना फुई थोडी मागे रेलते, म्हणजे देणारीचा हात अवघडायला नको. कॅमेऱ्यात टिपलं तेव्हा कुठे ते मला नीट दिसलं. लहानपणापासून दर महिन्याला मी त्याच मंदिरात बसत होतो.

(पडद्यावर: जुनी वही. कापडी पुठ्ठा, उंदरांनी कुरतडलेला कोपरा.)

१९९३ साली फुई नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. नवरा मारायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनाही. घटस्फोट घ्यायचा म्हटलं तर ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. त्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला मात्र नुसता मार दाखवून भागत नसे, मारासोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात हा भेद घटनेत बसत नाही असं ठरवलं, आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. फुईला ते सगळं उशिरा मिळालं. १९९५ मध्ये ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेली असताना तिने एका विधुर माणसासोबत संसार मांडला. लग्न करायला कायद्याने वाट नव्हती. त्या वर्षीच्या एका रविवारी उपासनेनंतर वेदीवरून तिचं नाव वाचलं गेलं, आणि ती सहभागितेतून बंद झाली, म्हणजे प्रभुभोजनाचं ताट तिच्यासाठी थांबलं.

वहीत चार रकाने आहेत. नाव. कारण. बंद केल्याची तारीख. परत घेतल्याची तारीख.

फुईच्या ओळीतला चौथा रकाना रिकामा आहे.

त्याच वहीत, बरीच पानं मागे, माझ्या आजोबांचं नाव आहे. कारण: दारू. त्यांची ओळ पूर्ण भरलेली आहे. बंद आणि परत यांच्यामध्ये बरोबर सहा महिने.

आजोबांची हकिकत सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी पंचांवर अन्याय करीन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. पूर्वेला भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम चालू होतं. मोहाची दारू सोडणं ही विश्वासात आल्याची पहिली खूण ठरली. हा आग्रह फक्त गोऱ्या साहेबांचा होता असं कोणी समजू नये. १९३० च्या दशकात तळोद्याकडे गुलाम महाराजांनी 'आप' चळवळीतून आदिवासींना हेच सांगितलं, कारण दारूच्या मागोमाग सावकार येतो आणि सावकाराच्या मागोमाग जमीन जाते, हे इथल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आजोबा प्यायचे. मंडळीने त्यांना सहा महिने बंद केलं. पण त्या सहा महिन्यांत दर बुधवारी दोन पंच आमच्या घरी यायचे. खाटेवर बसायचे, चहा घ्यायचे, बैलांची चौकशी करायचे, प्रार्थना करून जायचे. आजी सांगायची, बुधवार आला की ते दुपारपासून दाढी करून बसायचे. सहा महिने पुरे झाले त्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावून हात धरला, आणि सगळ्यांत आधी ताट त्यांच्यापुढे नेलं. आजोबा मरेपर्यंत प्यायले नाहीत.

म्हणून शिस्त वाईट असं मी म्हणू शकत नाही. माझं घर त्या शिस्तीवर उभं राहिलं. माझा प्रश्न चौथ्या रकान्याचा आहे. दारूला मुदत ठरली. ताडीला ठरली. शेजाऱ्याची बांधाची जमीन ढापणाऱ्यालाही तीन महिने दिले गेले. वहीत ज्या पाच ओळींचा शेवटचा रकाना कोरा आहे, त्या पाचही बायकांच्या आहेत, आणि त्या पाचही वेळा कारण लग्नाचं आहे.

आणि फुईच्या घरी एकाही बुधवारी कोणी आलं नाही.

(पडद्यावर: वेदीवरचं उघडं पवित्र शास्त्र.)

शिस्तीचा मूळ धडा मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाने अपराध केला तर आधी एकटा जाऊन त्याच्याशी बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो तुला जकातदारासारखा होवो, म्हणजे लोक ज्याला पापी आणि बाहेरचा समजत तसा. आमच्याकडे हे शेवटचं वाक्य फार मोठ्याने वाचलं जातं. पण हे शुभवर्तमान ज्याच्या नावाने आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता. जकातनाक्यावर बसलेला असताना प्रभूने त्याला हाक मारली आणि मग त्याच्या घरी पंगतीला बसला. जकातदारासारखं वागवायचं म्हणजे काय, हे या पुस्तकात नीट दाखवलेलं आहे. त्याच अध्यायात पुढे पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळतं, साताच्या सत्तर वेळा.

करिंथच्या मंडळीचंही तसंच. बापाच्या बायकोशी राहणाऱ्या माणसाला बाहेर काढा, असं प्रेषित पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलं. तो भाग आमच्या पंचांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो: झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पौलाला त्या माणसाच्या दुःखाची काळजी वाटली. वाटलं ते त्याने लिहून पाठवलं. आमच्या मंदिरात मी हा भाग वाचलेला ऐकलेला नाही.

सन ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेपुढे याहून अवघड प्रकरण होतं. जबरदस्ती नसताना, जिवाला धोका नसताना ज्यांनी विश्वास सोडला, त्यांचं काय करायचं? परिषदेने पायऱ्या ठरवल्या. तीन वर्षं फक्त वचन ऐकायचं, सात वर्षं गुडघ्यांवर, दोन वर्षं सगळ्यांसोबत प्रार्थनेत पण प्रभुभोजनाविना. बारा वर्षं. आज ही शिक्षा आपल्याला भयंकर वाटेल. तरी तिला शेवट होता. आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाला मागितलं तर प्रभुभोजन नाकारायचं नाही, हा वेगळा नियम त्यांनी केला.

फुईला तीस वर्षं झाली. ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस २०११ साली गेला. आता ती भावाच्या घरी राहते. १९९५ च्या पाच पंचांपैकी चौघे दफनभूमीत आहेत. पाचव्यांना मी भेटलो. त्यांना ऐकू कमी येतं. मी वहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, बराच वेळ बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "अरे, हे तसंच राहिलं?"

(पडद्यावर: माळ. पावसाळा सरल्यावरचं पिवळं गवत.)

लग्नाच्या प्रश्नांवर मंडळ्या दगडासारख्या का होतात, हे मला पुरतं कळलेलं नाही. दोन बायका असलेला माणूस विश्वासात आला तर काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या मंडळ्यांपुढे होता, भिल्लांत काम करणाऱ्यांपुढेही होता. अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने १८८८ मध्ये ठरवलं की अशा पुरुषाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. १९८८ मध्ये त्याच परिषदेने काही अटींवर द्यायला परवानगी दिली, कारण घराबाहेर काढलेल्या बायकांचे आणि लेकरांचे हाल त्यांना दिसले. शंभर वर्षं लागली. अँग्लिकन मंडळी आमची नव्हे, पण तिने चूक उघडपणे दुरुस्त केली, याचा मला आदर वाटतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या आठव्या अध्यायात आहे. सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत ती सापडत नाही, हे बऱ्याच विश्वासणाऱ्यांना माहीत नसतं. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने त्यामागचा आपला अंदाज लिहून ठेवला: बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने काही लोकांनीच ती काढून टाकली असावी. त्याचा अंदाज बरोबर असो वा नसो, ती भीती मी ओळखतो. ती आमच्या कमिटीच्या बैठकीत बसलेली असते. कोणीतरी म्हणतंच, "हिला घेतलं तर उद्या पोरी काय शिकतील?"

फुईचा पहिला नवरा पहिल्या ओळीत बसतो. त्याचं नाव वहीत कधीच आलं नाही, त्यामुळे त्याला परत घेण्याचा प्रश्नही आला नाही. माझ्या मनाला सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच. मारणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही, ही त्याच्यावर कृपा झाली असं मी मानत नाही. आजोबांना जशी सहा महिने बुधवारची खाट मिळाली, तशी यालाही मिळायला हवी होती.

या दिवसांत माळावरून चालत आलं की धोतराला, साडीच्या काठाला कुसळं चिकटतात. फुई संध्याकाळी पायरीवर बसून ती एकेक काढते. ओढून काढलं तर टोक आतच मोडतं, मग रात्रभर सलतं. ज्या दिशेने घुसलं त्याच दिशेने हलकेच पुढे ढकलून ते बाहेर काढावं लागतं, त्याला वेळ लागतो. डोळ्यातल्या कुसळाचा आणि मुसळाचा दाखला आम्ही सगळे जाणतो. ते कुसळ काढायचं कसं, हे मी तिच्या बोटांकडे बघत होतो.

(पडद्यावर: नवे पाळकसाहेब, वहीसोबत.)

पाळकसाहेब दोन वर्षांपूर्वी आले. तरुण आहेत. त्यांनी फुईला निरोप पाठवला: एक क्षमेचा अर्ज लिहा, मी पुढच्या महिन्यात घेतो. त्यांचा हेतू चांगला होता. घरातले सगळे आनंदले. मी स्वतः कागद आणि पेन घेऊन बसलो.

फुई म्हणाली, "काय लिहू? घर सोडलं त्याची माफी मागू? ते पाप नव्हतं. लग्न न करता राहिले, त्याची मागते. देवापाशी कधीच मागितली आहे. पण मग मंडळीनेही लिहावं, की मला मार बसत होता तेव्हा त्यांना माहीत होतं."

मी पेन खाली ठेवलं. पाळकसाहेबांना तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बरोबर आहे, पण हे माझ्या एकट्याच्या हातात नाही, कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे. एक जण फुईच्या पहिल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दुसऱ्या आमच्या शेजारच्या काकी, ज्यांनी फुईसोबत भजनं म्हणत आयुष्य काढलं. त्या म्हणतात, मंडळीने चूक लिहून दिली तर उद्या वहीतली प्रत्येक ओळ उघडावी लागेल.

लागेल. माझंही म्हणणं तेच आहे.

(पडद्यावर: पुन्हा शनिवार संध्याकाळ. परात. ग्लास.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी फुई नेहमीसारखी ग्लास पुसत होती. ऊसतोडीला माणसं गेल्यामुळे या महिन्यात कमी लागणार होते. मी विचारलं, किती काढलेस?

"बेचाळीस."

"तुझा धरून?"

तिने ओळी पुन्हा मोजल्या. एका ग्लासाच्या तळाशी चिंधीचा धागा राहिला होता, तो काडीने काढला.

"बैठक पंधरा तारखेला आहे," ती म्हणाली, आणि ताटावर फडकं झाकलं.