एकदा सांगितलेलं पुन्हा विचारू नका

ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढायची आणि ती प्रिंट पुन्हा कार्यालयात नेऊन द्यायची, हे किती जणांनी केलंय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच. आता माझं काम सोपं झालं.

आई गेली तेव्हाची गोष्ट. मृत्यूचा दाखला पोर्टलवरून दोन दिवसांत मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पेन्शन बंद करायला दुसऱ्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी दाखल्यावरचा क्यूआर कोड पाहिला, शेजारी स्कॅनरही होता, तरी म्हणाल्या, "साक्षांकित प्रत लागेल." मी म्हटलं, "बाई, हा कागद सरकारनेच दिलाय, स्कॅन करून बघा ना." त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. 'साक्षांकित प्रत जोडली आहे' या रकान्यात टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं. त्या मला अडवत नव्हत्या हो, त्या स्वतःच अडकल्या होत्या! कागदी अर्ज असता तर समासात शेरा मारून त्यांनी तो पुढे सरकवला असता. मग मतदारयादी, घराची नोंद... आई गेली हे मी दर ठिकाणी नव्याने सिद्ध केलं. आणि आठ महिन्यांनी तिच्याच नावाने हयातीचा दाखला द्या म्हणून स्मरणपत्र आलं. ते पाकीट मी अजून ठेवलंय.

जुना नियम उघडून न बघता आपण तो तसाच संगणकात घातला. प्रत्येक खातं आपल्या फायलीचं मालक. शेजारच्या खात्याला कळवणं हे कुणाचंच काम नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून भरभर सांगतो. एस्टोनिया, युरोपातला छोटा देश, लोकसंख्या जेमतेम 13 लाख. 2001 मध्ये त्यांनी एक्स-रोड सुरू केला, म्हणजे सरकारी खात्यांचे संगणक एकमेकांना जोडणारी व्यवस्था. सगळी माहिती एका कोठारात ओतली नाही. ज्याची नोंदवही त्याच्याकडेच, गरज पडेल तेव्हा एक खातं दुसऱ्याला विचारतं. तीच माहिती गोळा करायला वेगळी नोंदवही काढायला तिथे कायद्यानेच मनाई आहे. आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकालाही बघता येतं.

पण नुसती खाती जोडून भागत नाही. ऑस्ट्रेलियात 2016 पासून रोबोडेट नावाची योजना चालली, सरकारी भत्त्याची वसुली संगणकानेच ठरवायची. करखात्याकडची वर्षाची कमाई सरसकट पंधरवड्यांत भागली आणि भत्ता जास्त घेतला म्हणून लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. ज्याला चार महिनेच काम मिळालं, त्याचा हिशोब चुकणारच! तरी आपण देणं लागत नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. 2023 मध्ये चौकशी आयोगाने ही योजना अन्यायकारक आणि बेकायदा ठरवली.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. सॉफ्टवेअरचं टेंडर काढण्याआधी नियम नव्याने लिहा. आणि खिडकीतल्या माणसाला यंत्र थांबवण्याचा लेखी अधिकार द्या. त्या बाईंच्या पडद्यावर 'शेरा' असा एक रिकामा रकाना हवा, आणि त्यात लिहिलेलं वाचून सही करणारा अधिकारी नावानिशी नेमलेला हवा.