मत मुलांचं, निकाल कुणाचा?

(दृश्य: स्टेजवर उभा कलाकार, काखेत जवळपास त्याच्याच उंचीचा रंगीत सर्फबोर्ड)

ही ट्रॉफी आहे. लाटांवर स्वार व्हायला वापरतात तो पूर्ण मापाचा सर्फबोर्ड. एका हातात धड पेलत नाही, घरी नेला तर कपाटात मावत नाही. अमेरिकेतल्या ‘टीन चॉइस अवॉर्ड्स’मध्ये जिंकणाऱ्याला हाच मिळायचा. ऑगस्ट महिना, संपत आलेली उन्हाळ्याची सुट्टी आणि कॅलिफोर्नियाचा किनारा, हे सगळं त्या एका फळीत आलं.

फॉक्स वाहिनीवर १९९९ साली हा सोहळा सुरू झाला. पहिल्या वर्षी तो भरला सँटा मोनिका विमानतळावरच्या बार्कर हँगरमध्ये. ऑस्कर कुणाला द्यायचं ते अकादमीचे सदस्य ठरवतात, ग्रॅमी संगीतक्षेत्रातली मंडळी ठरवतात. इथे ठरवणार होती शाळा-कॉलेजातली मुलं.

विभागही त्यांच्याच गप्पांमधून उचललेले. पडद्यावरचं सगळ्यात भारी चुंबन कोणतं? सगळ्यात जोरदार आदळआपट कुणी केली? ‘चॉइस हिसी फिट’ नावाचा विभाग खरंच होता! मोठ्यांना हा पोरखेळ वाटेल. पण चौदा-पंधराव्या वर्षी आपण ज्या गाण्यावर, ज्या सिनेमावर जीव टाकतो, त्याच्याकडे मोठ्यांचे पुरस्कार सहसा ढुंकूनही बघत नाहीत. ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेच्या सिनेमांना समीक्षकांनी नाकं मुरडली, इथे मात्र त्यांच्या नावावर सर्फबोर्डांचा ढीग लागला. वन डायरेक्शन या बँडच्या पोरांचंही तेच. आपली आवड खरी आहे असं राष्ट्रीय वाहिनीवर कुणीतरी मान्य करतंय, हे त्या वयात फार मोठं असतं.

(दृश्य: ११ ऑगस्ट २०१३, गिब्सन ॲम्फीथिएटर, युनिव्हर्सल सिटी)

या सोहळ्याची एकच रात्र दाखवायची झाली, तर ती ही.

अभिनेत्री लिया मिशेल स्टेजवर येते. तिचा जोडीदार आणि ‘ग्ली’ मालिकेतला सहकलाकार कोरी माँटिथ जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. आवाज कापरा होतोय, पण ती उभी राहते आणि मिळालेला पुरस्कार त्याच्या नावे करते. समोर बसलेल्या मुलांपैकी अनेकांसाठी जवळचं कुणी गेल्याचं दुःख असं उघड पाहण्याची ती पहिलीच वेळ असेल.

त्याच रात्री पस्तीस वर्षांचा अभिनेता ॲश्टन कुचर येतो. किंकाळ्यांनी सभागृह दणाणलेलं. तो सुरुवातच करतो ती, माझं नाव ॲश्टन नाही, क्रिस आहे, इथून. मग कामांची यादी. तेराव्या वर्षी वडिलांबरोबर छपराचं सामान वर चढवायचं. मग रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायची. मग किराणा दुकानातला काउंटर. मग कारखान्यात जमिनीवर सांडलेला, नाश्त्याला खातात त्या सीरियलचा भुगा झाडायचा. यातलं कुठलंही काम मला कमीपणाचं वाटलं नाही, संधी बहुतेक वेळा कष्टाच्याच रूपात येते, असं तो सांगतो. हुशार असणं, विचारी असणं, मन मोठं असणं हेच खरं आकर्षक, बाकी सगळं तुमच्या गळ्यात मारलं जातं, हेही सांगतो. मुलं मध्येमध्ये किंचाळतात, पण ऐकतात. तोच व्हिडिओ पुढे इंटरनेटवर लाखोंनी पाहिला. उपदेशाचे डोस मुलांना नको असतात म्हणतात, पण त्यांना बरोबरीनं वागवणारा माणूस बोलला की ती कान देतात.

आणि बरोबर एका वर्षानं या सगळ्याला तडा गेला.

२०१४. वाइन या ॲपवर सहा सेकंदांचे व्हिडिओ करून नावारूपाला आलेल्या पोरांसाठी सोहळ्यात खास विभाग ठेवले होते. त्यांचे चाहते रोज न चुकता मतं टाकत होते. सोहळ्याच्या सुमारास व्हिडिओ करणाऱ्या या पोरांपैकीच काहींनी ट्विटरवर लिहून टाकलं की मतदान संपायच्या आधीच विजेते कोण ते आम्हाला कळवलं होतं. मुलांनी मग नियमावली उघडली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या चौघांमधून विजेता निवडण्याचा हक्क निर्माती कंपनी राखून ठेवते.

म्हणजे मत द्यायचं मुलांनी, ते कुणाला चौघांत नेतं तेही मुलांनी ठरवायचं, पण सर्फबोर्ड कुणाच्या हातात जाणार हे बंद खोलीत ठरणार. बेकायदा काही नव्हतं, नियम छापलेलाच होता. तरीही ही फसवणूक होती असंच मी म्हणेन, कारण मतदानाची जाहिरात मोठ्या अक्षरात होती आणि हा नियम बारीक. ‘टीन्स डोन्ट हॅव अ चॉइस अवॉर्ड्स’ असा हॅशटॅग मुलांनी ट्विटरवर चढवला. आपल्या मताचा हिशोब इतक्या रोखठोकपणे मागणाऱ्या त्या मुलांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सोहळा त्यानंतरही चालू राहिला. बीटीएस या बँडच्या चाहत्यांनी या कोरियन मुलांना आंतरराष्ट्रीय कलाकाराचा मान सलग मिळवून दिला. वाइन २०१७ मध्ये बंद पडलं.

(दृश्य: ११ ऑगस्ट २०१९, हर्मोसा बीच)

एकविसाव्या वर्षी सोहळा थेट वाळूवर आला. फुटबॉलपटू ॲलेक्स मॉर्गनच्या हातून गायिका टेलर स्विफ्टनं आयकॉन पुरस्कार घेतला आणि बोलताना अमेरिकेच्या महिला संघाच्या समान मानधनाच्या लढ्याला जाहीर पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी कोविड आला, सोहळा रद्द झाला, आणि नंतर तो भरलेला नाही.

कुणी पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलंच, तर माझी एकच मागणी आहे. विजेत्याचं नाव पुकारताना शेजारी चौघांची मतं आकड्यांत दाखवा.