दिवा कधी लागतो?

(दृश्य : पावसाळ्यातली पहाट, कसारा घाट. धुकं, वायपरचा आवाज.)

घाट चढून इगतपुरी यायच्या आत दिवा पुन्हा लागला. डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आणि खाली हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या असा संदेश. गाडी धावत होती. पण आता ती बंद केली तर पुन्हा चालू होईल का, याची खात्री नव्हती. म्हणून चहालाही न थांबता बाईंनी तशीच नाशिकपर्यंत आणली. सकाळी गॅरेजात नेली, तर दिवा गायब.

बाई निवृत्त शिक्षिका, राहायला गंगापूर रोडला. मुलगी ठाण्यात, म्हणून महिन्यातून दोनदा हा घाट. ही हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, त्यांनी डिसेंबरात सेकंड-हँड घेतली. नाशिकची थंडी ऐन भरात होती, निफाडचा पारा एक आकडी झाला होता. तीन महिने गाडीनं कसलीही कुरकूर केली नाही.

एप्रिलमध्ये नाशिकच्या द्वारका चौकात, भर दुपारी, दिवा पहिल्यांदा लागला. पहिल्या गॅरेजनं सांगितलं, हायब्रिडची मोठी बॅटरी तापतेय. मागच्या सीटशेजारच्या जाळीतून बॅटरीला गार हवा मिळते. ती जाळी धुळीनं खरंच बुजलेली होती, ती साफ झाली. ते काम करायलाच हवं होतं, पण दिवा त्यानं थांबला नाही. दुसऱ्या ठिकाणी बारा व्होल्टची बॅटरी बदलली. जुलै आला तसं तिसऱ्यानं निदान केलं, पाणी शिरतंय. डिकीची रबरं बदलली, सांध्यांना सिलिकॉन भरलं. शेवटी मोठी बॅटरीच बदला म्हणाले. खर्च लाखाच्या घरात.

प्रत्येकाचा अंदाज त्या त्या ऋतूला शोभणारा होता. आणि प्रत्येकानं गाडी परत देताना कोड, म्हणजे गाडीच्या संगणकानं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसून टाकला. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. दिवा लागतो त्या क्षणी गाडीचा संगणक वेग, तापमान, बॅटरीची स्थिती असं बरंच काही टिपून ठेवतो. कोड पुसला की ती नोंदही जाते. अधूनमधून येणारा बिघाड गॅरेजात येऊन उभा राहत नाही, त्याच्या मागे राहतो तो एवढाच माग.

(दृश्य : सातपूर. पत्र्याची शेड, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं.)

सातपूर एमआयडीसीच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनची, दादांची, ही शेड. त्यांचे वडील मोटर रिवाइंडिंग करायचे, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं (वाइंडिंग) नव्यानं गुंडाळायचे. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागायतदारांच्या विहिरींवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी इथं यायच्या. दादा त्या कामातच वाढले, गाड्यांकडे नंतर वळले.

बाई गाडी इथं घेऊन आल्या. दादांनी कोड वाचला : पी०एए६. पुसला मात्र नाही.

हायब्रिड गाडीत विजेचे दोन वेगळे संसार असतात. एक नेहमीचा, बारा व्होल्टचा. त्याची निगेटिव्ह तार गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. दुसरा शेकडो व्होल्टचा, नारिंगी केबलींचा. त्याच्या दोन्ही तारा बॉडीपासून पूर्ण अलग ठेवलेल्या असतात, आणि तिथून बॉडीत करंट झिरपत नाही ना, हे संगणक सतत तपासत असतो. पी०एए६ म्हणजे कुठंतरी झिरपतोय. कुठं, ते हा कोड सांगत नाही. बॅटरी, इन्व्हर्टर, गिअरबॉक्समधल्या मोटरी, एसीचा कॉम्प्रेसर, यांपैकी काहीही असू शकतं.

दादांनी त्या दिवशी एकही पाना उचलला नाही. बाईंना म्हणाले, "मॅडम, महिनाभर वही ठेवा. दिवा लागला तेव्हाचंही लिहा आणि लागला नाही तेव्हाचंही. पाऊस, चढ, काचा, एसी, सगळं."

शिक्षिकेला वही ठेवायला सांगितली! बाईंनी रकाने आखले.

(दृश्य : वहीचं पान, निळी शाई.)

महिन्यानं दादांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्र्यंबक रोड, धो धो पाऊस, यजमान गाडी चालवत होते, त्यांना एसी सोसत नाही, काच दोन बोटं खाली. दिवा नाही. मग घाटातल्या नोंदी. दिवा लागला त्या प्रत्येक वेळी काचेवर वाफ धरली होती आणि ती घालवायला बाईंनी काचेवर हवा सोडणारं बटण दाबलं होतं. ते बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो, कारण हवा कोरडी करायला तो लागतोच.

एप्रिलमधल्या द्वारकेच्या उन्हातही एसीच चालू होता. थंडीत तो तीन महिने कुणी लावलाच नव्हता. पावसाचा दोष नव्हता. पाऊस आला की एसी लागायचा, एवढाच त्याचा संबंध.

दादा वहीकडे बघत म्हणाले, "पाण्यातल्या मोटरीचं वाइंडिंग पाण्यातच बसतं ना मॅडम, तसं या गाडीच्या कॉम्प्रेसरचं वाइंडिंग तेलात बसलेलं असतं."

साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. या गाडीत कॉम्प्रेसरच्या आतच मोटर आहे, आणि ती नारिंगी केबलीवर चालते. मोटरीचं वाइंडिंग एसीच्या गॅसमध्ये आणि तेलात बुडालेलं. म्हणून तिथलं तेल वीज अडवणारं हवं. त्याला पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांत बहुतेक पीएजी तेल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि वीज पुरेशी अडवत नाही. थोडंसं मिसळलं तरी इन्सुलेशन, म्हणजे वीज अडवायची ताकद, घसरतं.

(दृश्य : रबरी हातमोजे. दादा मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडतात, कुठं सुटतेय का ते कानाशी धरून ऐकतात.)

वीस मिनिटं एसी चालवला. गाडी बंद केली. मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून दादांनी स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकूनही कुणी परत लावणार नाही. मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. या दहा मिनिटांत शेडमध्ये कुणी बोललं नाही.

कॉम्प्रेसरची केबल सोडली. इन्सुलेशन मोजायचा वडिलांचा पाचशे व्होल्टचा मेगर काढला. एक टोक तारेला, एक बॉडीला. काटा एक मेगाओहमच्याही बराच खाली आला, म्हणजे वीज इथंच झिरपत होती. सकाळी गार गाडीवर हीच मोजणी केली होती, तेव्हा काटा व्यवस्थित वर होता.

आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी एसीत गॅस भरताना साधं तेल घातलं असणार. मुद्दाम कोण करेल? गॅस भरायचं यंत्र एकच असतं, दिवसभर साध्या गाड्यांना लागतं आणि त्याच्या नळ्यांत ते तेल उरतं. म्हणून हायब्रिडसाठी वेगळं यंत्र हवं, हे एसीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं ना?

कॉम्प्रेसर बदलला. ओलावा शोषणारा ड्रायर बदलला. नळ्यांतलं जुनं तेल काढण्यात दोन दिवस गेले. मोठ्या बॅटरीला कुणी हातही लावला नाही.

(दृश्य : सप्टेंबर, पुन्हा कसारा घाट. काचेवर वाफ, बटणावर बोट, डॅशबोर्ड.)

वही अजून गाडीत आहे. घाटातल्या अकरा फेऱ्यांच्या नोंदींत दिव्याच्या रकान्यात फुली नाही.

बॉनेट उघडलं की आत पिवळी चिठ्ठी दिसते. पाण्यानं पुसू नये म्हणून वर पारदर्शक टेप. अक्षर बाईंचं, ठळक आणि सुवाच्य. ही गाडी पुढं कुणाच्या तरी हातात जाईल, त्याचा एसीवाला दुसराच असेल, म्हणून दादांनीच ती लिहून घेतली :

"या गाडीच्या एसीत फक्त पीओई तेल. साधं तेल भरलेली नळी लावू नये."