काटा १२८७ वर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय आकाशवाणीच्या आपल्या पणजी केंद्राबद्दल, म्हणजे रेडिओवर मीडियम वेव्हच्या १२८७ किलोहर्ट्झच्या त्या जागेबद्दल. बांद्याला आमच्या माजघरात ट्रान्झिस्टर फळीवर असायचा आणि तो कायम तिरका ठेवलेला, कारण मीडियम वेव्हचा अँटेना सेटच्या आतच असतो, तांब्याची तार गुंडाळलेली एक काळी कांडी, ती स्टेशनच्या दिशेला आडवी आली की आवाज कसा भरतो. कुणी झाडताना सेट सरळ केला की खरखर सुरू, आणि आई चुलीपासून ओरडायची, तिरका कर रे तो आधी.

आणि एक सांगते, रेडिओ कामं करताना ऐकायची वस्तू आहे. भाकऱ्या थापताना, जाळी विणताना. आता मोबाईलमध्ये सगळं देतात पण मीडियम वेव्ह देत नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटतं. असो.

तर या स्टेशनने तीन मालक बघितले. पहिले पोर्तुगीज. १९४६ साली त्यांनी पणजीत एमिसोरा द गोवा, म्हणजे गोव्याचं रेडिओ स्टेशन, सुरू केलं, पोर्तुगीजबरोबर कोकणी मराठीतही कार्यक्रम असायचे, पण बोलायचं ते सरकारला हवं तेच. दुसरे भारत सरकार, म्हणजे जानेवारी १९६२ पासून आकाशवाणी. तिसरी प्रसार भारती, २३ नोव्हेंबर १९९७ पासून, तेव्हा देशभरातली सगळीच केंद्रं तिच्याकडे गेली. पोर्तुगीज, आकाशवाणी, प्रसार भारती, तीन मालक. यातला शेवटचा बदल ऐकणाऱ्याला कळलाही नसेल, तेच निवेदक, तीच बातम्यांची वेळ. पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काय झालं ते मला सांगायचंय, आणि त्यात दुसराच एक रेडिओ येतो.

१९५४ ला दादरा नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पळणाऱ्या पोर्तुगीजांकडचे दोन वायरलेस सेट आपल्या लोकांच्या हाती लागले. दोन वायरलेस सेट, लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, मग आपल्या सरकारने नाकेबंदी केली, तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या लोकांनी हॉलंडहून बटाटे आणि सिलोनहून चहा आणून बाजार भरला आणि आतल्या गोंयकारांना बाहेरचं खरं काही कळेना, पेपरवर सेन्सॉर होता. तेव्हा त्या दोन सेटांचा जोडून ट्रान्समीटर केला, ट्रकवर चढवला, आणि २५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून आवाज निघाला, गोंयचे सोडवणेचो आवाज, म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. बोलणारे दोघं, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो.

आता आंबोली आपल्याला माहितीय. पावसात तिथे चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, धुक्यात समोरचं माणूस दिसत नाही. आपण तिथे धबधबा बघून, कणीस खाऊन संध्याकाळी घाट उतरतो. ही दोघं रानात राहिली, आधी आंबोली, मग कॅसल रॉकच्या बाजूला, आणि एक दोन महिने नाही, सहा वर्षं. पुन्हा सांगते, सहा वर्षं! पोर्तुगीज रेडिओवर काय सांगतायत ते ऐकायचं, त्यातलं खोटं कुठलं ते काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं. दिल्लीत संसदेत गोव्यावर काय बोलणं झालं, आफ्रिकेतल्या वसाहतींत काय चाललंय, हे म्हापशा-मडगावच्या घरात कळायचं ते या ट्रकमुळे. आणि ज्या सेटांवर पोर्तुगीज शिपाई आपसात निरोप द्यायचे, त्यांचेच सेट त्यांच्याच विरुद्ध बोलत होते. मला विचाराल तर मालकी पहिल्यांदा बदलली ती तिथे, पणजीत नाही.

मग आला डिसेंबर १९६१. १८ तारखेला बेळगावच्या सांबऱ्याहून हवाई दलाची हंटर लढाऊ विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. बांबोळी, जिथे आज हॉस्पिटलात जायला आपण बसमधून उतरतो तेच पठार. पणजीचा तो सरकारी आवाज गप्प झाला. रानातला मात्र चालू होता.

आणि पोर्तुगीज शरण आल्यावर लिबियाताई आणि वामनराव हवाई दलाच्या विमानात बसले, विमानाला लाऊडस्पीकर लावलेला, आणि गोव्यावर फिरत फिरत दोघांनी वरून सांगितलं की ४५१ वर्षांनी आपण मोकळे झालो. कोकणीत सांगितलं, पोर्तुगीजमध्ये सांगितलं. सहा वर्षं ज्यांचा आवाज लोकांनी ऐकला होता, तोच आवाज आता थेट डोक्यावरून. मी हे कितीदा सांगितलंय, दर वेळी इथे आले की माझा गळा भरून येतो.

महिनाभरात पणजी केंद्र आकाशवाणी म्हणून बोलायला लागलं. ही दोघं १९६४ ला लग्न करून संसाराला लागली. वामनरावांना १९९२ ला पद्मश्री मिळाली, आणि लिबियाताईंना २०२५ ला, वयाची शंभरी ओलांडल्यावर. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. फळीवरचा तो सेट आता लागत नाही, पण आईने अजून तिरकाच ठेवलाय.