आधी पिशवी, मग चहा

सकाळचे सहा. चहा मुद्दामच थांबवलाय. पोटात पाणी गेलं की लघवी जास्त ठिबकायला लागते, आणि ओल्या कातडीला लघवीची नवी पिशवी धरत नाही.

बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, हे लाल बोंड दिसतंय तो स्टोमा. ओठाच्या आतल्या बाजूसारखा ओला. हात लावला तरी दुखत नाही. कॅन्सर झालेलं मूत्राशय काढल्यावर लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करून मूत्रपिंडांतून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडतात, त्याचं हे तोंड. ही पद्धत अमेरिकेतल्या सेंट लुईसचे सर्जन युजीन ब्रिकर यांनी 1950 साली मांडली. आतडं मात्र आपली सवय सोडत नाही. वर्षानुवर्षं लघवीत शेंबडासारखे धागे येत राहतात. नवखा माणूस ते बघून घाबरतो, उगीचच.

लॉस एंजेलिसमध्ये 1971 ते 1997 या काळात मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन झालेल्या 1,054 रुग्णांचा हिशोब 2001 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी 68 टक्के लोकांचा आजार उलटलेला नव्हता. दहा वर्षांनी, 66. म्हणजे उलटायचा तो बहुतेक पहिल्या पाच वर्षांतच उलटतो. तरी दहा वर्षांनी हयात होते 43 टक्केच. कॅन्सर न उलटताही माणसं गेली, ती कशाने? हा आजार मुख्यतः उतारवयातला, आणि त्याचं सर्वात मोठं कारण तंबाखूचा धूर. तोच धूर हृदयात आणि फुप्फुसातही गेलेला असतो.

दुसरी वाट मूत्राशय राखून शेकाची. रेडिओथेरपीला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. ऐकून गरम पाण्याची पिशवी डोळ्यांपुढे येते, प्रकरण तेवढं सोपं नाही. आधी दुर्बिणीतून गाठ खरवडायची, मग काही आठवडे किरणं, सोबत किमो. ऑपरेशन की शेक, हे चिठ्ठी टाकून ठरवणारी चाचणी ब्रिटनमध्ये सुरू झाली होती. पुरेसे रुग्ण मिळेनात, गुंडाळावी लागली. चिठ्ठीवर कोण सोडेल हो हे? पुढे 2023 साली अमेरिका-कॅनडातल्या 722 निवडक रुग्णांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. पाच वर्षांनी आजार शरीरात इतरत्र न पसरलेले दोन्हीकडे पाऊणशे टक्क्यांच्या आसपास.

शेकवाल्याला पिशवी नाही, पण दुर्बीण सुटत नाही. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. काहींना शेवटी मूत्राशय काढावंच लागतं.

इथे नवी पिशवी बसली. तळहात मिनिटभर त्यावर दाबून धरायचा, उबेने चिकट थर कातडी धरतो.

आता चहा ठेवायला हरकत नाही.