सल्ला आमचा, चाव्या तुमच्या

नमस्कार श्रोतेहो.

भोसरीच्या एमआयडीसीतलं दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप असो, नाहीतर कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलं, आम्हा आयटी सल्लागारांना मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? त्याचं उत्तर द्यायच्या आधी मी अर्धा दिवस अकाउंटंट ताईंच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतो. घोडं कुठं अडतंय ते तिथंच कळतं. तयार माल बाहेर पडताना गेटवर चलन फाटतं, सुपरवायझर त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, ताई संध्याकाळी तेच आकडे एक्सेलमध्ये भरतात आणि महिनाअखेरीला पुन्हा टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकच आकडा तीन ठिकाणी लिहायचा म्हटल्यावर कधीतरी 540 चे 450 होणारच. मग काम करून घ्यायला कच्चा माल पाठवणारी कंपनी म्हणते, आमचे 90 नग तुमच्याकडे बाकी आहेत. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला कच्चा माल सहसा वर्षाच्या आत परत यावा लागतो, त्यामुळे तो हिशेब कंपनी सहजासहजी सोडत नाही.

इथं लाखभराचं ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअर, गळ्यात मारणं मला पटत नाही. चलन गेटवरच, एकदाच संगणकात गेलं, तरी निम्मी कटकट मिटते. आणि ज्या ताई ते रोज भरणार, त्यांचा हात बसेपर्यंत सल्लागारानं तिथं जात राहिलं पाहिजे.

बॅकअप घेतो, असं सगळेच सांगतात. बघायला जावं तर पेनड्राइव्ह त्याच संगणकाला कायमचा लावलेला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हापासून हे सांगतोय : असा व्हायरस संगणकातल्या फायलींबरोबर जोडलेला पेनड्राइव्हही कुलूपबंद करतो. बॅकअपची एक प्रत जागेबाहेर हवी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून कालचं बिल दिसतंय का ते पाहायला हवं.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चाव्यांची, म्हणजे खाती आणि पासवर्ड कुणाच्या हातात आहेत याची. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणा डिझायनरच्या नावावर असतं. जीएसटी पोर्टलवर मोबाईल नंबर नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. 20 तारखेला रिटर्न भरायला बसावं, तर ओटीपी त्यांच्या फोनवर! अशा वेळी मालक आमच्याकडे हात जोडतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण वर्षानुवर्षं घाम गाळून उभा केलेला धंदा त्यांचा आहे.

म्हणून मालकांनो, भीड ठेवू नका. सल्लागाराशी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, करताना लिहून घ्या : डोमेन, ईमेल, टॅलीचा परवाना, क्लाउडचं खातं सगळं फर्मच्या नावावर आणि फर्मच्याच मोबाईल नंबरवर. मुख्य पासवर्डचं पाकीट तुमच्या कपाटात. माणूस नोकरी सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. करार संपल्यावर डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळणार, तेही त्यातच हवं. चांगला सल्लागार यावर सही करायला कां-कूं करत नाही. जो करेल, त्याला सर्व्हरच्या खोलीची किल्ली देऊ नका.

नमस्कार.