चौथा तास

(दृश्य : परीक्षा केंद्राचा व्हरांडा. घंटा. मुलांचा लोंढा बाहेर पडतो.)

पेपर सुटला. तीन तास गप्प असलेला व्हरांडा एकदम बोलायला लागला. "दुसरा प्रश्न कसा गेला बे?" "पुरवण्या किती लावल्या?" स्टँडवरून गाड्या निघाल्या, गेटबाहेर तर्री-पोह्याच्या टपरीभोवती गर्दी झाली. दहा मिनिटांत वर्ग रिकामे. शिपाईमामा खिडक्या लावत निघाले.

तळमजल्यावरच्या टोकाच्या खोलीचं दार मात्र अजून लोटलेलंच आहे. आत एक पर्यवेक्षक, आणि एका बाकावर दोघं जण. एक हळू आवाजात सांगतोय, दुसरी लिहितेय. त्यांचा पेपर सुटलेला नाही. त्यांचा चौथा तास आत्ता सुरू होतोय.

(शीर्षक : चौथा तास)

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली मुलं वर्षातून दोनदा त्याच्या परीक्षेला बसतात, हिवाळी आणि उन्हाळी. त्यांत ज्यांना दिसत नाही अशी मुलं आहेत, ऐकू न येणारी आहेत, ज्यांचे हात पेन धरू देत नाहीत अशी आहेत, आणि ज्यांचं दुखणं शेजारच्या बाकावरून ओळखूही येत नाही अशीही आहेत.

चौथा तास त्यांच्या हक्काचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते लिहिणारा, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. २९ ऑगस्ट २०१८ ला केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं सूचना काढून हिशेबही ठरवून दिला. लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यालाही तेवढाच तास देता येतो.

"यांना एक तास एक्स्ट्रा मिळतो ना," असं म्हणणारे भेटतात. मीही मनात तेच म्हणायचे. त्या बाकावर बसून तीन पेपर लिहीपर्यंत.

(दृश्य : जुनी वही, पेन, पुठ्ठ्यावर चिकटवलेली सुतळी)

मी तेव्हा बारावी होऊन नुकतीच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, एका पोरीला रायटर पाहिजे. जाशील का?" कागदावर शब्द लेखनिक असतो, मुलं रायटर म्हणतात. ताई काटोलकडची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तिनं सोळा जणांना फोन केले होते.

सोळा का? कारण आपला रायटर आपणच आणायचा असेल, तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा कमी असावं लागतं. नियम योग्यच आहे, नाहीतर पेपर दुसऱ्याच कुणीतरी सोडवला असता. पण त्यामुळं वर्गातली मैत्रीण बाद होते. खालच्या वर्गातल्यांच्या परीक्षा त्याच दिवसांत. ज्यांचे पेपर संपले, ती गावी गेलेली. बारावीतल्या मुलांना विचारावं, तर घरचे म्हणतात, आमच्या पोराची सराव परीक्षा तोंडावर आहे. कुणी हो म्हणतं आणि आदल्या रात्री त्याला ताप येतो. बाकीची मुलं ज्या पंधरा दिवसांत पुस्तकं घेऊन बसतात, त्या पंधरा दिवसांतला अर्धा वेळ ताई फोन घेऊन बसली होती. या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच. चौथा तास कायद्यानं दिला, पण हे हरवलेले दिवस कुणाच्याच हिशेबात नाहीत.

ताईनं पेपरच्या आधी मला दोनदा बसवलं. परीक्षा केंद्रानं रायटर दिला, तर विद्यार्थ्याला दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं असं मंत्रालयाच्या त्या सूचनांतही म्हटलंय, आणि ते किती गरजेचं आहे ते मला तिथं कळलं. आधी अख्खी प्रश्नपत्रिका वाचायची, गुणांसकट, मध्ये न थांबता. मी शाळेत धडा वाचतात तसं वाचायला लागले. ती म्हणाली, "असा जोर नको देऊ. तुझ्या आवाजात उत्तर येतंय."

डोळस मुलगा पेपर बघतो, चार प्रश्न सोडून पाचव्यावर जातो, पुन्हा वर येतो. नजर फिरवायला त्याला क्षणही लागत नाही. ताईला ते पाचही प्रश्न, त्यांचे अ-ब-क, सगळं डोक्यात धरून ठेवावं लागायचं, नाहीतर मला पुन्हा वाचायला लावावं लागायचं. तिची जीभ पुढं, माझं पेन मागं. ती वाक्याच्या मध्येच थांबायची आणि मी गाठेपर्यंत पुढचं वाक्य निसटलेलं असायचं. "शेवटचं काय लिहिलंस?" मी वाचायचे, ती पुन्हा धागा पकडायची. तासामागची ती २० मिनिटं अशीच जातात, आणि पूर्ण जातात. उरत नाहीत.

अर्थशास्त्राचा पेपर होता. मागणीचा वक्र काढायचा होता. मला वाटलं, हा प्रश्न ती सोडून देईल. पण तिला तो वक्र बोटांनी पाठ होता. तिच्या एका शिक्षिकेनं पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून तो तिला शिकवला होता. "दोन अक्ष काढ. डावीकडे वरून सुरू कर, उजवीकडे खाली उतर." मी विज्ञानाची. ज्याच्यामुळं बदल होतो ते आडव्या अक्षावर घ्यायचं, ही आमची सवय, म्हणून मी आडव्यावर किंमत लिहिली. तिनं विचारलं, "आडव्यावर काय लिहिलंस?" म्हटलं, किंमत. "खोड. आडव्यावर नगसंख्या, उभ्यावर किंमत." अर्थशास्त्रात तसंच काढतात. मला ते माहीत नव्हतं, आणि ते बरंच झालं. पेपर तिचा होता.

दुसऱ्या पेपरला ती म्हणाली, पहिली पंचवार्षिक योजना १९५० साली सुरू झाली. ते १९५१ आहे हे मला ठाऊक होतं. माझं पेन थांबलं. थांबायला नको होतं, कारण रायटरचा हात थांबणं हीसुद्धा एक खूणच असते. ती म्हणाली, "थांबू नको, सांगते ते लिही." मी १९५० लिहिलं. कागदावर चार अंक उमटवायला इतकं जड कधी गेलं नव्हतं. मग चौथ्या तासात, शेवटच्या दहा मिनिटांत, मी सगळं परत वाचून दाखवत होते. त्या ओळीवर तिनं हात वर केला. "१९५१ कर. १९५० ला नियोजन आयोग आला." प्रत्येक मुलगा पेपर देण्याआधी एकदा नजर घालतो ना, तेवढंच ते होतं. तिच्याकडे त्यासाठी वेळ होता म्हणून झालं.

तिसऱ्या पेपरला तो वेळ नव्हता.

(दृश्य : बंद दार. बाहेर गठ्ठे बांधायचा आवाज.)

तीन तास झाले आणि उत्तरपत्रिका मागायला माणूस आला. त्या खोलीत दुपारचा पेपर होता, गठ्ठा सील करायचा होता. पर्यवेक्षक त्या दिवशी बदलून आलेले. "माझ्याकडे जादा वेळेचं काही पत्र नाही." ताईनं प्रमाणपत्राची प्रत अर्जासोबत दिली होती. ती ऑफिसात होती, खोलीपर्यंत आली नव्हती. शोधाशोध, फोन, सही. पंचवीस मिनिटांनी आम्हाला पुन्हा बसवलं आणि दुपारच्या वेळेवर उठवलं. त्यातला कुणीही माणूस वाईट नव्हता. पर्यवेक्षकांनी तर जाताना तिची माफी मागितली. पण शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला, आणि परत वाचणं झालंच नाही.

म्हणून मी जिथं जाते तिथं एकच सांगते. पेपरच्या दिवशी मदत करायला गेलं की उशीर झालेला असतो. परीक्षेचा अर्ज भरला जातो त्या आठवड्यातच विचारा : तुला काय लागेल? रायटर की संगणक, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका की ब्रेल? या सगळ्या वाटा २०१८ च्या सूचनांत आहेत. तिथंच खोली ठरवा, तळमजल्यावरची, आणि दुपारी ज्या खोलीत दुसरा पेपर नाही अशी. पर्यवेक्षकाच्या हातात कागद द्या. रायटर आयत्या वेळी आजारी पडला तर बदली रायटर देण्याची मुभाही आहे, त्यासाठी महाविद्यालयानं दोन-तीन नावं आधीच काढून ठेवावीत. ही यादी विद्यार्थ्यानं का करायची?

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर नोट्स. स्क्रीन रीडरचा आवाज, अर्थहीन अक्षरं.)

हा आवाज ऐका. हे अर्थशास्त्राचे नोट्स आहेत. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या आत तिथं इंग्रजी कळफलकावरची चिन्हं असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल, तर एनव्हीडीएसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही सरळ मराठी वाचून दाखवतं. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरीच. सर, मॅडम, नोट्स ग्रुपवर टाकण्याआधी एवढं एक बघा.

(दृश्य : मे महिन्यातलं नागपूर. रिकामा रस्ता, झळा.)

आता उन्हाळी परीक्षा. पारा ४५ कडे निघालेला. परीक्षेच्या खोलीतल्या एका मुलाला चष्मा नाही, काठी नाही, कुबडी नाही. त्याला सिकलसेल आहे.

विदर्भात हा आजार घराघरांत ओळखीचा आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फोडल्यासारखी कळ उठते. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, फार दमणूक झाली की कळ उठण्याचा धोका वाढतो. म्हणजे आपली उन्हाळी परीक्षाही त्याच्यावर, आणि हिवाळीची गार सकाळही. २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत सिकलसेल आहे. तरी "तुला काय झालंय?" हा प्रश्न त्याला दर केंद्रावर ऐकावा लागतो.

त्याला काय हवं असतं? बाकावर पाण्याची बाटली. आणि लघवीला जाऊ देणं, दोनदा, तीनदा. या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. भरपूर प्यावं लागतं, मग जावंही लागतं. पर्यवेक्षकाला हे आधी कळलेलं असेल तर तो उठलेल्या मुलाकडे संशयानं बघणार नाही. आणि कळलेलं नसेल तर? मग तो मुलगा पाणी प्यायचंच टाळतो. पेपर वाचवायला स्वतःचं रक्त घट्ट होऊ देतो. हे मला सांगताना एकाचा आवाज अगदी साधा होता, जणू सगळेच असं करतात.

ऐकू न येणाऱ्या मुलीचं दुखणं वेगळं. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं कुणीतरी दारातून सांगून जातं, "प्रश्न चारमध्ये दुरुस्ती आहे." वर्ग मान हलवतो, दुरुस्त करतो. ती मान खाली घालून चुकीचा प्रश्न सोडवत राहते. फळ्यावर लिहा. खडू तिथंच असतो.

आणि ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत आहे, पण हात लिहू देत नाही? त्यांना पूर्वी सरळ नाही म्हणायचे. विकाश कुमार यांना लिहिताना हाताला पेटके यायचे. केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं की लेखनिकाचा प्रश्न टक्केवारीवर अडवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लिहिण्यातली अडचण सांगणारं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. नागपुरात त्यासाठी मेडिकल नाहीतर मेयो, ही सरकारी रुग्णालयं. तिथली रांग ज्यांनी पाहिलीय ते सांगतील, हे काम परीक्षेच्या आठवड्यात होत नाही. सेमिस्टर सुरू होतानाच करून घ्या.

(दृश्य : सीताबर्डी मेट्रो स्थानक. लिफ्ट, पिवळी उंचवट्यांची फरशी, पांढरी काठी.)

मेट्रोनं एक गोष्ट फार चांगली केली. लिफ्ट आहे, पायांना कळणारी फरशी आहे, पुढचं स्थानक मराठीत सांगतात. झांशी राणी चौकात उतरेपर्यंत हा मुलगा एकटा येतो, कुणाचा हात न धरता. पुढचे तीनशे मीटर फूटपाथवर गाड्या लावलेल्या. तिथं तो थांबतो.

तो आज संध्याकाळीही थांबलाय, पण दुसऱ्या कारणासाठी. उद्या त्याचा राज्यशास्त्राचा पेपर. त्याच्या रायटरला डेंगी झालाय. केंद्राधिकारी मॅडमना त्यानं दुपारीच फोन केला. त्यांच्याकडे यादी होती. पहिल्या मुलीचा उद्या स्वतःचा पेपर, दुसरीनं उचलला नाही, तिसरा हो म्हणाला. प्रथम वर्ष, कॉमर्स.

(फोनवरचा आवाज)

"दादा, मी याआधी कधी लिहिलं नाही."

"चालते. मराठी वाचता येते ना चांगलं? सकाळी जरा लवकर ये. अर्धा तास बसू. मी सांगतो कसं वाचायचं ते."

"कुठं भेटू?"

"झांशी राणी चौक स्टेशन. लिफ्टपाशी. मी तिथंच उभा असतो. तूच हाक मार, मला दिसत नाही."

"किती वाजता?"

"आठला. आणि घरी सांगून ये, आपला पेपर सगळ्यांच्या एक तास नंतर सुटते."